पातळ औषध

३ फेब्रुवारी
क्लातेनला पोचले. कीड संशोधन केंद्रात नोकरी, आणि राहायला बू लस्त्रींच्या घरातली मागची खोली. इथं मोठ्या बायकांना आदरानं बू म्हणतात, पुरुषांना पाक. बू चाळिशीच्या, त्यांचे यजमान पाक गियोनो भातशेती करतात. आल्याआल्या बूंनी ताट वाढलं आणि विचारलं, असल्या काड्यांसारख्या हातांनी किडे पकडणार होय गं? घर आवडलं.

११ फेब्रुवारी
काम किचकट, पण मजेचं. रोपांवर तपकिरी तुडतुडे सोडायचे, काहींवर नेहमीचं औषध फवारायचं, काहींवर अगदी पातळ केलेलं, काहींवर काहीच नाही. मग सुईनं रोपाचं खोड उकलून अंडी मोजायची. पातळ औषधातल्या माद्यांनी, औषध न लागलेल्यांच्या दीडपट अंडी घातली! जेवताना सांगितलं. पाक हसले, म्हणाले, म्हणजे आम्ही औषधात पाणी वाढवून त्यांची बाळंतपणंच करतोय म्हणा. बू हसल्या नाहीत. किती पातळ, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं.

२० फेब्रुवारी
बूंची चार बाळं पोटातच गेली. शेजारीण सांगत होती. आणि मला मात्र रोज सकाळी आठवणीनं कडू काढा करून देतात. मला उगीचच अपराधी वाटलं.

२ मार्च
बूंचे हात थरथरतात, तोंडाला सारखं पाणी सुटतं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर लाजल्या. दिवस गेलेत म्हणतात. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

७ मार्च
त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. केंद्रातल्या फलकावर हेच चित्र आहे — विषबाधेचं.
फडताळात बाटली सापडली. वास ओळखीचा. बू शांतपणे म्हणाल्या, रोज चमचाभर घेते, तू सांगितलंस तितकंच पातळ. त्या किड्यांना होतात, मग मला का नाही?
त्या पातळ औषधानंही शंभरातल्या तीस माद्या आधीच मेल्या होत्या. दीडपट अंडी उरलेल्यांची. ते मी जेवताना सांगितलं नव्हतं.

८ मार्च
दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, गर्भ नाहीच. बूंना शुद्ध नाही. त्यांना हे कळणार नाही, एवढंच बरं.

९ मार्च
पहाटे गेल्या. दुपारी माती दिली. पाक माझ्याकडे बघत नाहीत.

१० मार्च
पाक आज बोलले. म्हणाले, तिचा जीव होता तुझ्यावर. लग्न झाल्यावर पोरीची कूस भरलेली राहावी, म्हणायची. सकाळच्या काढ्यात तुझ्याही —
मी रोज प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत.

११ मार्च
अक्षर नीट — पाक मला दवाखान्यात न्यायला गाडी काढतायत. माझ्यासाठी बू अर्धाच चमचा घालायच्या म्हणे. लहान आहे म्हणून. राग यायला हवा. येत नाही. बू, मी जर तेव्हाच त्या मेलेल्या तीस माद्यांचं —