गोगलगायीची डबी

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काही नकोही आहे. माझी ओळ चढावर जाते ते तुला माहीत आहेच, चुका मोजत बसू नकोस. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणणार, त्या 'हं'ने माझं डोकं फिरणार आणि मी ठेवून देणार. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधे तोंड घालता येत नाही.

तर बातमी अशी की मामंजींच्या नाण्यांच्या रिकाम्या डब्यांना गिऱ्हाईक आलंय. डब्यांनाच. मंगळवारी मी दुकानात कोणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत बसले होते, तेवढ्यात भिंगवाला आला. घड्याळदुरुस्तीच्या शेजारी बसतो, जुनी-नवी नाणी घेतो-विकतो, गळ्यात दोरीने भिंग लटकवलेलं असतं, तोच. मला वाटलं पँटची चेन बसवायला आला असेल. म्हणे, बाई, तुमच्याकडे स्मारक नाण्यांच्या मूळ डब्या आणि त्यांचे दाखले आहेत असं कळलं. एक गिऱ्हाईक सगळ्या घ्यायला तयार आहे, भाव चांगला देतंय, नाव मात्र सांगायचं नाही म्हणून बजावलंय. मी म्हटलं, बाबा, आत नाणी नाहीत. तो म्हणाला, ठाऊक आहे. मी कात्री खाली ठेवली. आजवर माझ्याकडे लोकांनी पुष्कळ चमत्कारिक गोष्टी मागितल्या, पण रिकामी डबी विकत घ्यायला आलेला हा पहिलाच. रविवारपर्यंत सांगा म्हणाला.

यांना जेवताना सांगितलं. यांनी ताटातून मान वर केली नाही. देऊन टाक म्हणाले, रिकाम्या डब्या काय चाटायच्यात? असं म्हणाले, दोन घास खाल्ले, उठले, हात धुतले आणि कपाट उघडून बसले. त्या डब्या एकेक करून खाली काढल्या, पुसल्या, परत लावल्या. पुसायला घेतली काय तर माझी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजसाठी ठेवलेली चांगली मलमल. मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही हे वाचून तू आता भुवया उडवल्या असशील, पण खरंच नाही बोलले.

तुला हे माहीत नसेल म्हणून सांगते. हे दर सुट्टीच्या दिवशी त्यातली एखादी डबी उघडतात. आत निळ्या मखमलीत गोल खळगा, बाकी काही नाही. त्या खळग्याकडे बघतात, मग दाखला उलगडून वाचतात. कशाच्या स्मरणार्थ, कुठलं साल, किती पाडली, त्यातलं आपलं कितवं. इतका वेळ वाचतात की दाखला तोच आहे की दर वेळी बदलतो असं मला वाटायला लागतं. एकदा मी म्हटलं, अहो, त्यात बघण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, तू तुझं काम कर. बरं, केलं माझं काम.

मामंजींचा तो नाद तू माझ्यापेक्षा जास्त समजून घेतलास. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा पैसे जपून ठेवतोय. मग कळलं की ही नाणी खर्चायची नसतातच. टांकसाळीचं पत्रक आलं की मामंजी चष्मा लावून खालून वर वाचत. वर असायची गाजावाजा झालेली नाणी, मोठे खेळ, मोठी माणसं, मोठे विजय. ती सगळे घेतात म्हणून ढिगाने पाडतात. मामंजींचं बोट शेवटच्या ओळीवर. तिथे असायचं हवामान खात्याचं शंभरावं वर्ष, कुठल्या तरी दीपगृहाचा दिवा, मुक्यांच्या शाळेचं नाणं. ज्याला कोणी विचारत नाही ते टांकसाळ थोडंच पाडते, आणि थोडं असतं तेच पुढे मिळत नाही, असं ते आपल्याला समजवायचे. टांकसाळवाले एका घराला एकच द्यायचे तेव्हा. मग मामंजींनी पत्रावर पत्रं पाठवायची, आणि पार्सल आलं की घरातल्या सगळ्यांनी हात धुऊन यायचं. कडेला धरा, बोट चेहऱ्यावर लावू नका. मी हात न धुता आले म्हणून मला एकदा दारातून परत पाठवलं होतं. तू मागे उभी राहून हसत होतीस.

आणि ती गोगलगाय! वस्तुसंग्रहालयाच्या वाढदिवसाचं नाणं, आणि त्यावर काय, तर गोगलगाय. म्हणे सगळ्यांत कमी पाडलेलं तेच, कारण घरात गोगलगाय कोण हौसेने आणणार? तू ते भिंगाखाली धरून म्हणालीस, मामंजी, हे थोरल्या सूनबाईंच्या गळ्यात बांधा, जरा गुण लागला तर लागेल. मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. दोनच दिवस. तेव्हा आपल्याला वाटायचं की दोन दिवस म्हणजे फार झाले.

मग मामंजी गेले, आणि दोघा भावांची वाटणी. भांडी झाली, घड्याळ झालं, मामंजींची हत्यारंसुद्धा कुरकुर न करता वाटली. नाण्यांपाशी गाडं अडलं. एक म्हणाला, मला ते शेजारी बसवून दाखवायचे. दुसरा म्हणाला, पार्सल आणायला पोस्टात मी जायचो. पैशाचं तर कोणी नावही काढलं नाही, म्हणून तर मिटलं नाही. पैशाचं असतं तर अर्धं अर्धं केलं असतं. यांचे मामा मध्यस्थीला बसले होते. जेवणाची वेळ टळून गेलेली, म्हाताऱ्याला भूक आवरेना. वैतागून म्हणाले, मग असं करा ना, एकाने नाणी घ्या आणि दुसऱ्याने डब्या घ्या! त्यांनी टोमणा मारला होता, धाकटे. आंधळ्यालाही कळला असता. पण तुझा नवरा म्हणाला चालेल, म्हणून माझा नवरा म्हणाला चालेल. मामा दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग आपल्या चपला शोधायला लागले.

मग तू आणि मी जमिनीवर समोरासमोर बसलो. मी डबी उघडायची, नाणं काढून तुझ्या हातात द्यायचं, तू ते भावजींच्या धुतलेल्या मोज्यात घालायचं. हात दोघींनी धुतले होते, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तू खाली बघत होतीस, मी खाली बघत होते. तू मोजे पिशवीत भरलेस आणि टेम्पोत पुढे जाऊन बसलीस. शहराच्या त्या टोकाला तुम्ही राहायला गेलात, आणि एवढ्याशा अंतराचं परगाव झालं.

इथलं सांगायचं तर तुमची खोली तशीच आहे. मी तिथे शिलाई मशीन हलवणार होते, उजेड चांगला येतो. दोनदा हलवलं आणि दोनदा परत आणलं. आता मला जवळचं दिसत नाही, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते. ती ओवून देते आणि वर म्हणते, किती छान शिवता हो तुम्ही. तिला काय कळतंय? परवा एका झग्याची किनार सरळ नाही हे मला स्वतःलाच दिसत होतं आणि ही म्हणते छान. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, हा झगा घालून बाई एका बाजूला कलून चालणार का? माझ्याशी असं बोलणारं इथे कोणी उरलं नाही. लोक आता मला भितात. भिऊन काय करायचंय, शिवण कुठे चुकलीय ते सांगा ना.

असो. मुद्दा राहिला. काल भिंगवाला परत आला. मी म्हटलं, आधी मला हे सांग, तुझ्या गिऱ्हाइकाला रिकाम्या डब्या हव्यात कशाला? तो म्हणाला, नाणी त्यांच्याकडे आहेत पण उघडी आहेत, कापडात ठेवलेली. त्यांच्यावर डाग धरायला लागलेत. अशी नाणी बंद डबीतच राहिली पाहिजेत, आणि दुसरी डबी चालत असली तरी गिऱ्हाइकाला त्या नाण्यांची मूळचीच हवी. मग त्याने खिशातून चिठ्ठी काढून वाचली, की गोगलगायीची डबी मात्र बदलून देऊ नका, बिजागरीला केसांच्या पिनेची तार असलेलीच हवी. वाचून मलाच विचारतो, असं का हो?

मी त्याला काय सांगणार? ती डबी माझ्या हातातून पडली होती. मामंजी बाहेर गेलेले, बिजागरी तुटून पडलेली, आणि मी तिचे तुकडे पदरात गोळा करत होते. तू डोक्यातली पिन काढलीस, दाताने वाकवलीस आणि बसवून दिलीस. म्हणालीस, ताई, आता ही गोष्ट तुमच्या-माझ्यात. यांना ती माहीत नाही. भावजींनाही नाही. मामंजींना कळली असणार, पण ते कोणाला सांगायला आता नाहीत. मग उरलं कोण? भिंगवाल्याला मी स्टुलावर बसवलं आणि आत जाऊन पाणी प्यायले.

धाकटे, तुला अक्कल आहे का? नाण्यांची काळजी वाटली, समजलं. भावजींना सांगायचं नसेल, तेही समजलं. पण माझ्या कपाटातली वस्तू हवी म्हणून तू बाजारात जाऊन परक्या माणसाला दलाली देतेस? एका बसचं तर अंतर आहे. तुला वाटलं मी दार लावून घेईन. मी तापट आहे, दार लावलंही असतं. मग उघडलं असतं की!

तर हे पत्र एवढ्याचसाठी. भिंगवाल्याच्याच हाती देते, गिऱ्हाइकाला पोचव म्हणून सांगितलंय. त्याची दलाली बुडाली, म्हणून त्याच्या पँटची चेन खरंच बसवून देणार आहे, फुकट. उत्तर असं की डब्या विकायच्या नाहीत. रविवारी सकाळी मोजे घेऊन ये. भावजींना आणायचं कसं ते तू बघ. मी यांना आधी सांगणार नाही, सांगितलं तर पहाटेपासून दाढी करत बसतील. तू आणि मी त्याच जमिनीवर बसू आणि प्रत्येक नाणं त्याच्या त्याच्या डबीत घालू. डाग किती पडलेत ते तेव्हाच बघू, आत्ता मला कळवू नकोस. सगळ्या डब्या भरल्या की मग त्या तुमच्या घरी जाणार की आमच्या घरी राहणार, यावरून दोघे भाऊ पुन्हा भांडतील. भांडू देत. भांडायचं म्हटलं की एकमेकांशी बोलावं लागतं.

तुझीच,
थोरली