गिट्टी एकटी येत नाही

घाटंजी

प्रिय संघदीप,

सप्रेम जय भीम.

पाकीट पाहून तुला नवल वाटेल. रोज फोनवर बोलणाऱ्या बहिणीला पोस्टाची आठवण कशी झाली, असं म्हणशील. फोनवर मी तुला सांगत होते की नागपूरहून तुझ्या गाडीचा दिवा आला नाही. ते खोटं होतं. दिवा मी मागवलेलाच नाही. तुझी गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली जशी ठेवून गेलास तशीच उभी आहे. का, ते सांगायला दोनदा तोंड उघडलं, तर दोन्ही वेळा तुझा तास सुरू व्हायचा होता. नेरच्या कॉलेजात एवढे तास घेतात हे मला माहीत नव्हतं.

टिप्परमागे होतो, गिट्टी उडाली, दिवा फुटला, एवढंच तू त्या संध्याकाळी सांगितलंस. त्याच संध्याकाळी, त्याच यवतमाळच्या रस्त्यावर मजुरीला जाणाऱ्या जमनीला कोणीतरी गाडीने उडवलं आणि थांबलं नाही. कापूस वेचून कडेकडेने घरी चालली होती बिचारी. तिथून टिप्पर जाताना दोघातिघांनी पाहिला होता, म्हणून पोलिसांनी टिप्परवाल्या गोपालला धरलं. तो अजून आत आहे.

तुला माझं दुकान माहीत आहे, काम माहीत नाही. तुझे भाऊजी गेल्यावर मी ते चालवायला घेतलं तेव्हा तूच हसला होतास, की ताई आता गाड्यांचे डोळे तपासणार. रस्ता रुंद करायला काढल्यापासून माझं पोट या गिट्टीवरच चालतं. टिप्परवर झाकण कोणी टाकत नाही, खडी मागच्या गाड्यांवर उडते, आणि रोज कोणीतरी शिव्या घालत दुकानात येतो. पूर्वी दिव्याला काच असायची, फुटली की बदलली. आता तिथे प्लास्टिक. त्याचा टवका उडतो. लहान टवका असला तर मी तो साफ करून भरते आणि वरून पारदर्शक फिल्म लावते. तडा आरपार गेला तर आत ओल शिरते, दिवा धुकं धरतो, मग अख्खा दिवाच बदलावा लागतो. तो महाग पडतो म्हणून लोक घरीच टूथपेस्टने घासतात, वरचा थर घालवून बसतात, आणि दिवा पिवळा पडला की माझ्यावर चिडतात.

इतके दिवे पाहिल्यावर एक गोष्ट कळते. गिट्टी एकटी येत नाही. तिच्यासोबत चुरी येते. बॉनेटच्या कडेवर, बंपरवर, नंबरप्लेटवर बारीक टिपके पडतात. तुझ्या गाडीवर एकही टिपका नव्हता. दिव्याच्या मधोमध एकच खड्डा, कोणी हातात दगड धरून ठोकावा तसा. आणि दिवा आत दबलेला. बंपर उतरवला तर दिव्याला धरून ठेवणारे मागचे कान तुटलेले दिसले. दगडाने टवका उडतो रे, कान तुटत नाहीत. त्या तुटक्या कानात हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी अडकली होती. समोरून तू गाडी स्वच्छ पुसलीस, मागे पाहायचं तुला सुचलं नाही. मला खरा राग त्या दगडाचा आला, संघदीप. तो दगड मारायची अक्कल तू माझ्याच दुकानात बसून, माझ्याच गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकून शिकलास.

त्या दिवशी अंगणात तू गाडी भिंतीकडे तोंड करून लावलीस. आईने भाकरी वाढली तर पोट दुखतं म्हणालास. सकाळी चावी माझ्या हातात दिलीस आणि एसटीने निघून गेलास. आई अजून सगळ्यांना सांगते की माझा सर मुलगा माझ्यासाठीच एवढ्या लांबून येतो.

मागच्या आठवड्यात गोपालची बायको रंजिता दुकानात आली. टिप्परचे दिवे तो माझ्याकडेच करायचा, म्हणून ओळख. बाकावर बसली, चहा घेतला नाही. ‘ताई, तुमाले तं गाडीचं समजते,’ म्हणाली. ‘टिप्परले कुठीसा मार लागेल हाये काय, थे पाहून तुमीच सांगा ना पोलिसाले. मी सांगतो तं कोनी आयकून नाही राह्यलं.’ मी पाहते म्हटलं. तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे तुझी गाडी उभी होती. ठाण्याच्या आवारात जाऊन टिप्पर पाहूनही आले. त्याच्यावर पोचा नाही, ओरखडा नाही, जुन्या डांबराची आणि धुळीची पुटं तेवढी आहेत. पोलीस म्हणतात, धुऊन टाकला असेल. धुतला असता तर ती पुटं राहिली असती का?

आणखी एक तुला कळायला हवं. जमनी लगेच गेली नाही. सोबतच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या. हिचा पत्ता नाही म्हणून त्या परत फिरल्या, तेव्हा ती नाल्याच्या पुलाशी पडलेली होती आणि पाणी मागत होती. वाहन मिळेपर्यंत अंधार पडला. यवतमाळला पोचण्याआधीच ती संपली. तू थांबला असतास तर ती वाचली असती का, हे मला माहीत नाही. मी तो विचार रोज करते आणि मला तुझी किळस येते. मग तुझा चेहरा आठवतो आणि रडू येतं.

तू लहान असताना आपली गाय शेजारच्या मोतीबाईच्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत शिरली होती. कोणी पाहिलं नव्हतं. तू आपणहून तिच्या दारात जाऊन सांगितलंस, तिच्या शिव्या खाल्ल्यास आणि घरी येऊन वर बाबांचा मार खाल्लास. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं की तुझा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. खोटं न बोलण्याचं शील इतकं ओरडून म्हणणारं पोर दुसरं नव्हतं. इतके दिवस मी त्या पोराच्या फोनची वाट पाहिली. फोन रोज आला. गाडी कधी होईल, एवढंच विचारायला.

हे पत्र मी मुद्दाम पोस्टाने पाठवते आहे, कारण ते सावकाश पोचतं. आज ते पेटीत टाकीन आणि तिथूनच ठाण्यात जाईन. गाडी दाखवीन, चिंधी देईन, जे पाहिलं ते लिहून देईन. आधी फोनवर सांगितलं असतं तर तू धावत आला असतास, आईला पुढे केलं असतंस, आणि मी गुपचूप दिवा बदलून दिला असता. माझा माझ्यावर भरवसा नाही. पत्र पोचेपर्यंत पोलीस तुझ्या दारात येऊन गेलेले असतील, हे तू कुठे बसून वाचशील कोण जाणे. तुझं नाव कोणी दिलं म्हणून दुसऱ्या कोणावर संशय घेऊ नकोस, ते मी दिलं. वकील पाहून ठेवला आहे. जामीन मीच राहीन, दुकानाची जागा माझ्या नावावर आहे. सुटलास की आधी इथे ये, मी दार उघडीन. आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

तुझीच,
सत्यशीलाताई