दादाने बंद केलेल्या कुप्या

प्रिय वहिनी,

क्षयाच्या लसीत आयुष्य घातलेल्या आपल्यासारख्यांचं दुखणं एकच: आपल्या कामाचा निकाल आपल्याला न विचारता लागतो. थंड खोलीतली मागची फळी रिकामी करायचं ठरलंय. लस बनवणं बंद झालं तेव्हापासून पडून असलेल्या लसीच्या काचेच्या कुप्या आहेत तिथे. मुदत केव्हाच संपली, आत सगळं मेलेलं असणार, असं नवे साहेब म्हणाले. असणार. तपासलं कुणी, तर कुणीच नाही.

मी सभेत उभी राहिले. मला उभं राहायला निमित्त लागत नाही. दादा म्हणायचा, हिला खुर्ची दिली तर ही तिच्यावर चढून बोलेल. मी म्हटलं, या लसीतला गोठवून वाळवलेला जंतू मेलेला नसतो, थांबलेला असतो. त्याला ऊब, उजेड आणि हवा मारते, कागदावरची तारीख नाही. ही लस कुणा बाळाला टोचा असं मी म्हणत नाही. पण ती किती टिकली हे पाहिल्याशिवाय फेकू नका. जिथे फ्रीज पोचत नाही तिथल्या लेकरांसाठी ते कळायला हवं. एक टाळी पडली नाही. पूर्वी मागच्या बाकावरून तू सुरू करायचीस.

शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, एक खेप तपासा. काही जिवंत निघालं तर बाकीच्या अभ्यासाला ठेवू.

मी कुठली खेप घेतली, ते तुला सांगायला नको. दादाने आजारी पडण्याआधी बंद केलेली शेवटची. अंधाऱ्या खोलीत ठिणगीचं यंत्र एकेका कुपीजवळ नेलं. आतली निर्वात पोकळी टिकली असेल तर काच जांभळी उजळते, हवा शिरली असेल तर काळीच राहते. दादा ज्योतीवर कुपीचं तोंड वितळवताना श्वास रोखायचा आणि तू म्हणायचीस, अहो, पोकळी कुपीत करायचीय, तुमच्या छातीत नाही. एकूण एक कुपी उजळली, वहिनी. दिवा लावायला मी बराच वेळ उठले नाही.

मग कुप्यांतल्या जंतूंची नळ्यांत पेरणी केली, त्या उबेत ठेवल्या आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहिली. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून नळ्यांशी बोलते, बाकीचे हसतात. तुझ्या स्टुलावर लोक खोकी ठेवतात, मी रोज सकाळी ती उतरवते. दादा गेल्यावर तू लेकाकडे राहायला गेलीस ते बरोबरच केलंस. फोनवर तू नातवाच्या दातांचं सांगतेस, मी गळक्या नळाचं. दादाचं नाव दोघीही काढत नाही.

आता नळ्या तयार आहेत. नळीत जंतूंचे किती ठिपके उगवले याची मोजणी दोघींनी करायची, वेगवेगळी, एकीने दुसरीला काही न सांगता; हे तूच मला शिकवलंस. साहेब म्हणाले, दुसरं कुणीही घ्या. मी म्हटलं, माझी दुसरी येतेय. त्यामुळे मला काय दिसलं ते इथे लिहिणार नाही. इतकंच, की रिकाम्या नळ्या बघायला मी तुला एवढा प्रवास करायला लावला नसता. शुक्रवारी फळी रिकामी करायला माणसं येतील. तू गुरुवारी सकाळच्या गाडीने ये. वाचायचा चष्मा विसरू नकोस.

तुझीच,
स्टूल राखून बसलेली नणंद