हा माणूस कोणाचा?

प्रिय योरान,

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर माझं वाक्य तूच पूर्ण करतोस. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. या वेळी मात्र शेवटपर्यंत मलाच बोलायचं आहे. लिहिलेलं पुन्हा तपासलंय. मी शाळा सोडल्यावर ही सवय तूच लावलीस, आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून.

आई बरी आहे. तू इथला स्वीडिश, तरी तिला आमच्यासारखंच ‘होयो’, म्हणजे आई, म्हणतोस, ते तिला आवडतं. तू बेल न वाजवता आत येतोस, पातेल्यावरचं झाकण उचलून बघतोस, आब्बांना त्यांच्या दोस्तांसारखी ‘कान्या’ अशी हाक मारतोस. आमच्यात टोपणनावं व्यंगावरूनच पडतात, कोणी टकल्या, कोणी तिरळ्या. आणि आब्बांचे कान आहेतच तसे. ते हसतात. आई म्हणते, योरानला दार कशाला हवं, तो भिंतीतूनही येईल.

गेल्या शनिवारी तू असाच आलास, दालचिनीचे पाव घेऊन. माझ्या बहिणीला, इदिलला, मागणी घालायला बरखदकडची माणसं आली होती. तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि दारात आलेल्याला का आलास असं आम्ही विचारत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू सरळ आत जाऊन वडीलधाऱ्यांच्या रांगेत, आब्बांना खेटून बसलास. त्या रांगेत मी अजून एकदाही बसलेलो नाही. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो.

समोर बरखदचे काका होते, जामा. सगळं गोथेनबर्ग त्यांना ‘लंगारे’ म्हणतं, म्हणजे लंगडा. तू ते कॅफेत ऐकलं असणार. पण तिथे म्हणणारी माणसं त्यांची असतात. तिकडे आमच्या देशातल्या युद्धाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या पायात घुसलेली गोळी आमच्या बाजूची होती. हे दोन्ही घरांना माहीत आहे, आणि म्हणूनच त्यावर कोणी बोलत नव्हतं. थंडी, उंट, ट्रामचं भाडं, सगळं बोलून झालं. झोपलेल्या लेकराला ओलांडायचं टाळावं तसे सगळे त्या पायाला वळसा घालून जात होते.

तू त्यांच्या गुडघ्यावर थाप मारलीस. आमच्या भाषेत म्हणालास, “काय लंगारे, पाय काय म्हणतो? कुणी केलं हे?” आणि माझ्याकडे बघून डोळा मारलास.

जामाकाकांनी पेला खाली ठेवला, ओठही न लावलेला. तुझ्याकडे न बघता विचारलं, “हा माणूस कोणाचा?” उत्तर तूच दिलंस. “मी या घरचाच. होयोचा मुलगा.” आमची भाषा इतकी स्वच्छ तू कधीच बोलला नव्हतास. ते उठले, मागोमाग बाकीचे उठले. तू त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आलास आणि मला म्हणालास, “छान माणसं आहेत रे, जरा अबोल.”

तेव्हापासून इदिल खोलीतून फारशी बाहेर येत नाही. काल एवढंच म्हणाली, “तोंड योरानचं, आणि लग्न माझं.” आई म्हणाली, “एवढे पाव आणले होते, एक स्वतःच्या तोंडात ठेवायचा होता.”

मंगळवारी आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी आब्बांना बोलावलं. मी त्यांच्या मागे बसलो होतो. हाजी वर्समे म्हणाले, “अरे कान्या, सोपं आहे. परका आहे म्हण. परक्याचं बोलणं म्हणजे वारा. वाऱ्यानं कुणाचा मान जात नाही.” हे खरं आहे. आमच्यातल्या एकानं कुणाचा अपमान केला तर त्याचं अख्खं घर माफी मागतं. परक्यासाठी कुणीच मागत नाही. आईनंही निघताना बजावलं होतं, परका म्हणा आणि मोकळे व्हा. मीही मनात तेच म्हणत होतो, हे तुला माहीत असावं.

आब्बांनी कानाची पाळी चोळली. मग म्हणाले, “मी अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा यानं माझ्या पोरांना पोहायला शिकवलं. इतकी वर्षं माझ्या ताटात जेवला. आज अडचण आली म्हणून त्याला वाटेवरचा म्हणू? माझाच आहे. माझ्या पोरांइतकाच मूर्ख आहे.”

म्हणून हे पत्र. जामाकाकांचा निरोप आलाय, तुमचा आहे तर घेऊन या. रविवारी दुपारच्या नमाजानंतर, मशिदीशेजारच्या हॉलमध्ये, आब्बा त्यांच्या खांद्यावर शाल घालून माफी मागतील. तुझ्या वतीनं. तू माझ्या शेजारी बसायचं, दाराजवळ, पोरांच्या रांगेत. पाव आणायचे नाहीत. बोलायचं नाही. आब्बा सगळ्यांसमोर मान खाली घालतील तेव्हा तुला उठून म्हणावंसं वाटेल की चूक माझी आहे, त्यांची नाही. तसं म्हणालास की तू पाहुणा झालास, आब्बांचा शब्द खोटा पडला आणि लग्न मोडलं. आमच्यातला कुठलाही मुलगा ते गिळून गप्प बसतो. मीही बसणार आहे. हे जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत मला कळव. आब्बा आपला शब्द मागे घेतील, तू परका आहेस असं सांगतील, आणि इदिलचं लग्न होईल. तुझ्यावर कुणी रागावणार नाही, आई चहाही करेल. फक्त त्यानंतर येताना बेल वाजव.

रविवारपर्यंत तरी तुझाच,
सामतार