वडिलांचा रंधा

ती. अण्णांस,

निवृत्त झाल्यावर मी इथल्या खेड्यातल्या हस्तकला शाळेत सुतारकाम शिकतोय. हसू नका. काल स्टूल करताना गुरुजी म्हणाले, "रंधा झकास धरता! आधी कुणाकडे शिकलात?"

तोंडातून निघून गेलं, "कुणाकडेच नाही."

लहानपणी एकदा मित्रांना मी 'वडील कारकून आहेत' म्हणालो, तेव्हा तुम्ही दारातच होतात. ऐकलंत, पण कधी चकार शब्द काढला नाहीत.

आज सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "माझे वडील सुतार. त्यांनीच शिकवलं."

हे पत्र टाकत नाही. रविवारी दादाकडे येऊन तुम्हालाच सांगेन. स्टूलही आणतो. एक पाय डुगडुगतोय, तेवढा बघा.

तुमचा,
धाकटा