'ना'नंतरचा 'न'

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डावा डोळा सोडल्यास माझे सर्व काही ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यात 'मानसिक'ची वेलांटी दीर्घ पडली होती, ती मी ऱ्हस्व केली आहे. एवढ्यावरून दाखला बाद धरू नये.

सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर संस्थेत मी एकतीस वर्षे दोन नियतकालिकांची मुद्रिते तपासली. एक प्राध्यापकांचे त्रैमासिक, दुसरे विद्यार्थ्यांनी संपादन केलेले वार्षिक. निवृत्त झाल्यावरही मंगळवारी आणि शुक्रवारी जातो, कारण 'येऊ नका' असे अजून कोणी तोंडावर म्हटलेले नाही.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते माझ्या थोरल्या बहिणीस. तिने माझे लग्न जमवण्याचा चार वेळा प्रयत्न केला. चौथ्या स्थळाच्या वडिलांचे पत्र मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवले, तेव्हा तिने हात टेकले. खोल्या ताब्यात येताच ती सगळी रद्दी विकणार हे मला ठाऊक आहे. म्हणून कलम २ आधी अमलात आणावे.

कलम २. विद्यार्थ्यांच्या वार्षिकाचे एकतीस अंक, शब्दकोश आणि भिंग संपादक मंडळास. कोणत्या मंडळास, तर त्या वेळी जे असेल त्यास; ते दरवर्षी बदलते. प्रत्येक नवे मंडळ पहिल्या बैठकीत मुखपृष्ठ बदलते आणि संपादकीयाची सुरुवात 'आजच्या गुंतागुंतीच्या काळात' अशी करते. एकतीस वर्षांत एकदाही काळ सरळ नव्हता. तरीही ही पोरे परीक्षा तोंडावर असताना एकेका परिच्छेदासाठी हमरीतुमरीवर यायची, ते मला फार आवडायचे. पाठीमागे मला 'वेलांटीमामा' म्हणत. मला ते माहीत होते आणि माझी हरकत नव्हती.

कलम ३. तळटीपवाल्या प्राध्यापकांना मी काहीही ठेवत नाही.*

* खरोखरच काहीही नाही. त्यांच्या पानावर दोन ओळी मजकूर आणि बाकी सगळी तळटीप असे. एका वाक्याचा अर्थ लागेना म्हणून मी विचारायला गेलो, तर म्हणाले, "तुम्ही अक्षरं बघा हो, अर्थ आमच्यावर सोडा."

कलम ४. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक खाकी पाकीट आहे. ते वर्गणी विभागातल्या बाईंस द्यावे. बाई म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावर बसून अंकांवर पत्ते चिकटवणारी. मला काका म्हणते.

पाकिटात तिच्याच लेखाचे हस्तलिखित आहे. तेवीस वर्षांपूर्वी ती इथे संशोधन करत होती. एका कारखान्यातल्या कामगारांशी दोन वर्षे बोलून तिने वार्षिकासाठी लेख लिहिला. शेवटच्या पानावर वाक्य होते : 'कामगारांना न पटलेले नियम चार वर्षे चालले.' मला वाटले, 'ना'पुढे अक्षरे जुळवणाऱ्याच्या हातून 'न' दुसऱ्यांदा पडला. मूळ प्रत न बघता मी तो 'न' उडवला. 'कामगारांना पटलेले नियम' असे छापून आले.

मालकांनी ते पान फाटकावर चिकटवले. ज्यांनी तिला घरात बसवून मन मोकळे केले होते, त्यांनी दारे लावून घेतली. प्रबंध तिथेच थांबला. तिने येऊन विचारले तेव्हा मी म्हणालो, "मूळ प्रतीत तसंच होतं." प्रत कुठे आहे, तर म्हणालो, "रद्दीत गेली." ती माझ्या खणात होती. वर्षभराने तिने पत्ते चिकटवायची नोकरी धरली आणि माझ्यासमोर येऊन बसली. अक्षरे बघा म्हटले म्हणून अर्थ बघितला नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. माझी चूक निघेल याची मला भीती वाटली. मला या गोष्टीची लाज वाटते.

माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या अंकात शुद्धिपत्र छापावे. ती मला माफ करणार नाही हे गृहीत धरले आहे.

पुरवणी. माझा मजकूर मीच तपासू नये असा धंद्याचा नियम आहे. म्हणून वरील मसुदा मंगळवारी तिलाच तपासायला दिला. दुसरा कोणी नव्हता असे नाही. शुक्रवारी तो माझ्या टेबलावर होता.

"वाचलंस?" मी विचारले.

"तपासलं. सोळा चुका आहेत."

"आणि कलम चार?"

"त्यात एकही नाही." ती पत्ते चिकटवतच होती. मग थांबली. "तेवीस वर्षं मला वाटत होतं, की तो 'न' लिहायला मीच विसरले. रात्रंदिवस ते वाक्य आठवून बघायचे."

मी खालचा खण उघडून खाकी पाकीट बाहेर काढले.

"शुद्धिपत्र तुम्ही गेल्यावर कशाला, काका? चालू अंकात शेवटच्या पानावर जागा आहे."

"लोक माझ्या तोंडाकडे बघतील गं."

"बघू देत. माझ्याकडे बघितलंच की."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आधी छापून तर येऊ दे."

सबब कलम ४ रद्द समजावे. पाकीट मी तिला त्याच दिवशी हातात दिले. शुद्धिपत्र छपाईला गेले आहे, ते असे : 'तेवीस वर्षांपूर्वीचा अंक, पान ४१, ओळ १२. "कामगारांना पटलेले" ऐवजी "कामगारांना न पटलेले" असे वाचावे. चूक लेखिकेची नसून मुद्रितशोधकाची आहे. मूळ प्रत बरोबर होती.' याचे मुद्रित तिने तपासले. मला हात लावू दिला नाही.

आता या मृत्युपत्राने तिला काही मिळत नाही, त्यामुळे कायद्याने ती साक्षीदार होऊ शकते. मी विचारले. तिने पेन मागितले. लाल दिले.

स्थळ : नियतकालिक विभाग, दुसरा मजला
दिनांक : ९ फेब्रुवारी
(सही) मुद्रितशोधक

आमच्या समक्ष सही केली :
१. (सही) बाइंडर
२. (सही) वर्गणी विभाग

साक्षीदार क्र. २ यांनी स्वहस्ते, लाल शाईने केलेली दुरुस्ती : 'वर्गणी विभाग' ऐवजी 'लेखिका' असे वाचावे.