तुया पाण्याच्या हातासाठी

बेल्लमपल्ली, जानेवारी १९९७

सौ. रेणुकास आशीर्वाद,

मी मजेत आहे. थोडा खोकला आहे, पण तो इथल्या कोळशाच्या धुळीचा.

आमच्या आर्केस्ट्राच्या मालकानं हैदराबादेहून नवी पेटी आणली. तिले भाता नाही, नुसती रबरी बटनं. एखादा आवाज ऐकवला की पोटात ठेवते, बटन दाबलं की तसाच फिरून फिरून बाहेर काढते. निघताना घरून तुया भाकर थापण्याची कॅसेट भरून आणली होती ना, तीच मी तिले ऐकवली. हसू नको. बांगड्यांसकट घेतली तिनं.

काल सांजच्याला खाणीच्या क्वार्टरपुढं कार्यक्रम होता. तुया थापेवर ढोलक धरला. पण भाकर तव्यावर टाकून तू पाण्याचा हात फिरवतेस, तेवढा वेळ थाप थांबते. ते कापायचं मी विसरलो. तिथंच ढोलकवाला अडखळला. मालक माह्याकडं पाहून राह्यला.

मग मी ढोलकवाल्याले हातानं थांबवलं, पेटीतले बाकीचे आवाज एकेक करून बंद केले. तुयी थाप तेवढी ठेवली. एवढं मैदान चूप झालं. पुढच्या फेरीले ढोलक आला, तो तुया पाण्याच्या हातासाठी थांबला, अन् मंगच वाजला. रोज समोर बसून जेवलो, पण हे कधी ऐकलंच नव्हतं.

आई ताईकडं गेली म्हणे. मंग एकटीसाठी काऊन चूल पेटवू म्हणून शिळंच खातेस का? इथं सारे तुयी थाप ऐकून राह्यले, अन् तिथं परात चूप असंल, तर मले बटन दाबवणार नाही.

तुया,
अमृत